रुसलेला कळफलक

गेल्या वैशाखांत महालांतील आमच्या घरीं जुन्या संगणकाचा कळफलक अकस्मात् मुका झाला. दादा कुलवृत्तान्त टंकित करीत होते. आदले दिवशीं धाकट्या पुतण्यानें शेजारीं ताकाचा पेला ठेविला होता. तेव्हां दोष त्याचाच ठरला, आणि बिचाऱ्यानें मुकाट्यानें बोलणीं खाल्लीं.

आम्हीं प्रथम यंत्र बंद केलें. आयबीएमनें १९८७ सालीं आणिलेली ती पीएस-टू धर्तीची वाटोळी पिन चालू यंत्रांत काढूं-घालूं नये. पिन घट्ट बसवून यंत्र चालू केलें. विंडोज उघडण्यापूर्वीं नमलॉक दाबतांच दिवा लागला, पुन्हां दाबतां विझला. म्हणजे कळफलक धडधाकट, ताकही निर्दोष! विंडोजमध्यें मात्र तोच अबोला.

उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरल्यास 'फिल्टर कीज'ची चौकट संमति मागते. ही सोय कांपऱ्या हातांसाठीं असून, चटकन् दाबलेली कळ ती मानीतच नाहीं. मराठी टंकनांत शिफ्ट हरघडी लागते. शब्द आठवीत असतां दादांचें बोट तेथेंच विसांवे. चौकट त्यांनीं न वाचतांच एंटर दाबून घालविली होती!

तीच कळ पुन्हां ८ सेकंद धरतांच अक्षरें उमटूं लागलीं. दादा कांहीं बोलले नाहींत. सायंकाळीं मात्र सीताबर्डीवरून पुतण्यासाठीं संत्राबर्फी घेऊन आले.