दिनविशेष : १७ सप्टेंबर

हिंगोली जिल्ह्यांतील साखरा गांवीं स्वातंत्र्य कोणत्या तारखेस आलें, असें विचारल्यास बहुतेक मुलें १५ ऑगस्ट १९४७ हेंच उत्तर देतील. परंतु त्या दिवशीं हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसनें लढा चालविला. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. मधले दिवस आम्ही मोजून पाहिले. ते ३९९ भरतात, म्हणजे बरोबर सत्तावन्न आठवडे; दोन्ही दिवस शुक्रवारच. शके १८७० मधील ती अनंतचतुर्दशी होती.

पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. परभणींतून हिंगोली जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं.

याच तारखेस १८८५ सालीं पनवेलीस प्रबोधनकार ठाकरे जन्मले, आणि १९९४ सालीं नांदेडास स्वामीजींच्या नांवाचें विद्यापीठ स्थापन झालें.

हें सर्व पुस्तकांत सांपडतें. रझाकारांच्या भयानें कोणत्या घरानें गांव सोडलें, दागिने कोठें पुरले, कोणीं कोणास आश्रय दिला, हें मात्र वडीलधाऱ्यांच्याच तोंडून कळावयाचें. त्या वेळीं दहा वर्षांचें असलेलें मूल आज नव्वदीस टेकलें आहे. आमच्या वाचक बंधुभगिनींस एवढीच विनंति कीं, यंदा ध्वजवंदन आटोपल्यावर मुलांस आजीजवळ बसवावें, आणि ती सांगेल तें नांवागांवासह वहींत उतरून घ्यावें. हें काम पुढच्या वर्षावर टाकूं नये.