कीबोर्ड बदलला, बोटे तीच

कळमेश्वरहून नागपूरच्या मिहानपर्यंतची रोजची ये-जा ज्यांना टाळता येते, ते आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करतात. कंपनीने दिलेला लॅपटॉप कधी जेवणाच्या टेबलावर, कधी पलंगावर. महिना-दोन महिन्यांत मान आखडते, खांद्यामागे ठणका लागतो. फिजिओथेरपिस्ट सांगतो ते बरोबरच असते: पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा, मान खाली घालून काम करू नका. मग लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तके येतात. तेवढ्या उंचीवर टाइप करता येत नाही, म्हणून वेगळा कीबोर्ड जोडावा लागतो. तो घरात असतोच. भावाच्या जुन्या विंडोज संगणकाचा. लॅपटॉप मात्र अ‍ॅपलचा असतो.

मानेचा प्रश्न सुटतो आणि हाताचा सुरू होतो. एखादी ओळ कॉपी करायला जावे तर पडद्यावर शेपटीवाला सी उमटतो. पेस्ट करायला जावे तर वर्गमुळाचे चिन्ह. ‘कीबोर्ड बिघडला’ म्हणून तो बाजूला पडतो, लॅपटॉप पुन्हा मांडीवर येतो आणि मान पुन्हा खाली जाते. इथेच सारा उपचार वाया जातो, आणि तोही एका गैरसमजापायी.

गैरसमज असा, की कीबोर्ड अक्षरे पाठवतो. तो अक्षरे पाठवत नाही, फक्त आकडे पाठवतो. यूएसबी कीबोर्डवर ‘ए’ दाबले की संगणकाला ४ हा आकडा जातो. त्याचा ‘ए’ करायचा, की मराठी निवडलेली असताना त्या जागेवरची ओकाराची मात्रा, हे संगणकातली प्रणाली ठरवते. बटणावर छापलेले चिन्ह निव्वळ शाई आहे. विंडोजच्या खिडकीचे चिन्ह असलेले डावे बटण आणि अ‍ॅपलचे डावे कमांड बटण, दोन्ही २२७ हाच आकडा पाठवतात. विंडोजचे डावे ऑल्ट आणि अ‍ॅपलचे डावे ऑप्शन, दोन्हींचा आकडा २२६. म्हणजे दोन्ही कीबोर्ड एकच भाषा बोलतात. फरक आहे तो बसण्याच्या जागेत. अ‍ॅपलमध्ये स्पेस बारला लागून कमांड असते आणि त्याच्या पलीकडे ऑप्शन. विंडोजच्या कीबोर्डवर स्पेस बारला लागून ऑल्ट आणि त्याच्या पलीकडे खिडकी. कमांड बटण १९८४च्या मॅकिंटॉशवर होतेच. खिडकीचे बटण १९९४मध्ये आले, तेव्हा स्पेस बारशेजारची जागा ऑल्टने आधीच धरली होती. नव्या बटणाला कंट्रोल आणि ऑल्टच्या मधली जागा मिळाली. घरातल्या टेबलावरचा आजचा गोंधळ एवढ्या दोन बटणांचा आहे.

दोनच बटणे, तर लक्षात ठेवायला काय हरकत, असे कुणी म्हणेल. ऑफिसांतून हाच सल्ला दिला जातो, ‘सवय होईल’. पण टाइप करणाऱ्याच्या डोक्यात कीबोर्डचा नकाशा पाठ नसतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० जणांपुढे कोरा कीबोर्ड ठेवून अक्षरे भरायला सांगितली. ही मंडळी मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणारी. ८० सेकंदांत त्यांना सरासरी १५ अक्षरेच बरोबर जागी भरता आली. अक्षर कुठे आहे ते बोटांना ठाऊक, बोटांच्या मालकाला नाही! सायकल चालवणाऱ्याने तोल कसा सांभाळतो ते शब्दांत सांगायला जावे, तसेच हे. अशी स्मृती सूचना देऊन बदलत नाही. दिवसा घरचा कीबोर्ड आणि उद्या ऑफिसात लॅपटॉपचा, असे आलटून-पालटून असेल तर दोन्हीकडे चुका होतात.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक काटा टोचतो. इन्स्क्रिप्टवर हात बसला असेल तर अक्षरांची अडचण येत नाही. १९८६मध्ये ही मांडणी प्रमाण ठरली. ती दोन्ही प्रणालींत आहे आणि ‘के’च्या बटणावर ‘क’ दोन्हीकडे मिळतो. अडते ते मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जाताना. विंडोजवर त्यासाठी खिडकी आणि स्पेस दाबायची सवय असते. तीच जोडी अ‍ॅपलला जोडलेल्या कीबोर्डवर दाबली की भाषा बदलत नाही, शोधपट्टी उघडते. तिथे भाषा बदलायला कंट्रोल आणि स्पेस. अर्जात नाव मराठीत, ईमेल इंग्रजीत आणि पुन्हा पत्ता मराठीत भरणाऱ्याला हे दिवसातून कितीदा करावे लागत असेल, याचा विचार प्रणाली बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. (इकडच्या कीबोर्डांवर ४च्या बटणावर रुपयाचे चिन्ह छापलेले असते. संगणकात अमेरिकन मांडणी निवडलेली असेल तर ते कितीही दाबले तरी उमटत नाही. पुन्हा शाईच.)

आता दुखण्याचे. ‘कीबोर्डमुळे कार्पल टनेल होतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, पण पुरावा तितका पक्का नाही. डेन्मार्कमधील हजारो कर्मचाऱ्यांचा मोठा अभ्यास २००३मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कीबोर्डच्या वापराचा या विकाराशी ठोस संबंध त्यात दिसला नाही. रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर कीबोर्डला दोष देत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह आणि थायरॉईडची तपासणीही त्यात आली. मात्र मनगट करंगळीच्या बाजूला वाकवून पुन्हा पुन्हा कोपऱ्यातले बटण गाठणे हाताला त्रासाचेच. कंट्रोल करंगळीने दाबले जाते, कमांड अंगठ्याने. आणि अंगठा जास्त ताकदीचा. अंगठ्याचे काम आडव्या-तिडव्या ताणाने करू लागलेला हात संध्याकाळी दुखतो, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

म्हणून नवा कीबोर्ड घ्यायची गरज नाही आणि बोटांना शिकवणी लावण्याचीही नाही. बदलायचे आहे ते संगणकाला. अ‍ॅपलमध्ये सिस्टीम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात कीबोर्ड शॉर्टकट्स आणि त्यात मॉडिफायर कीज. तिथे वरच्या यादीतून बाहेरचा कीबोर्ड निवडून ऑप्शन आणि कमांड यांची अदलाबदल करायची. ती त्या कीबोर्डपुरतीच राहते. लॅपटॉपची स्वतःची बटणे होती तशीच. उलटी परिस्थिती असेल, म्हणजे विंडोज संगणकाला अ‍ॅपलचा कीबोर्ड, तर मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉईज हे मोफत साधन तेच काम करते. दोन्हीकडे पाच मिनिटांच्या वर वेळ लागत नाही.

अडचण अशी, की अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर नवे साधन टाकण्याची मुभा नसते, काही ठिकाणी सेटिंग्जही कुलूपबंद असतात. सुरक्षेसाठी कुलूप हवे, हे मान्य. पण दोन बटणांची जागा बदलल्याने कुणाची माहिती चोरीला जात नाही. खुर्चीची उंची कमी-जास्त करायला जशी संगणक विभागाची परवानगी लागत नाही, तशी याचीही लागू नये. आणि मानेसाठी पडद्याची उंची लिहून देणाऱ्या फिजिओथेरपिस्टने चिठ्ठी हाती देण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे, की लॅपटॉप कोणता आणि कीबोर्ड कोणता लावणार.