रक्षण हवे, तसा अधिकारही हवा



लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सैनिक, बंदुका आणि रणगाडे येतात. इतिहासाच्या पुस्तकातून आपण राजांची नावे आणि तहांची सालेही पाठ करतो. पण ज्या गावातून लढाई जाते, त्या गावातल्या मुलीचे काय होते? तिची शाळा बंद पडते. पाणी आणायला जाणेही धोक्याचे होते. घरदार सोडून निर्वासितांच्या छावणीत राहावे लागते. कित्येकींवर अत्याचार होतात. लढाई सुरू करताना तिला कोणी विचारलेले नसते. पण सुक्याबरोबर ओलेही जळते.

अशा स्त्रियांचे आणि मुलींचे रक्षण केले पाहिजे, हे सर्वांना मान्य आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारातही तसे लिहिलेले आहे. परंतु माझ्या मते केवळ रक्षण पुरेसे नाही. लढाई थांबवण्याच्या आणि देश पुन्हा उभारण्याच्या निर्णयातही स्त्रियांना जागा मिळाली पाहिजे. हे मी का म्हणतो, ते लायबेरियाच्या उदाहरणावरून पाहा.

लायबेरिया हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक छोटा देश आहे. मधली थोडी वर्षे सोडली, तर १९८९ पासून २००३ पर्यंत तेथे यादवी युद्ध, म्हणजे खानाजंगी, चालू होती. सुमारे अडीच लाख माणसे प्राणास मुकली, असा अंदाज आहे. लहान मुलांच्या हातीही बंदुका दिल्या गेल्या. २००३ साली लेमा बोवी या समाजसेविकेने चर्चमधील स्त्रियांना एकत्र केले. आसातु बाह केनेथ या मुस्लीम पोलीस अधिकारी मुस्लीम स्त्रियांना घेऊन त्यांना येऊन मिळाल्या. गोळी काही धर्म विचारून लागत नाही, हे दोघींनी जाणले होते.

राजधानी मनरोव्हियात मासळी बाजाराजवळच्या मैदानावर या स्त्रिया पांढरे कपडे घालून रोज बसू लागल्या. ऊन असो वा पाऊस, त्या हटल्या नाहीत. अखेर राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना त्यांची भेट घ्यावी लागली. पुढे घाना देशातील अक्रा शहरात वाटाघाटी सुरू झाल्या. तिकडे पुढारी हॉटेलात राहून चर्चा लांबवत होते आणि इकडे मनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. तेव्हा या स्त्रिया सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बसल्या. तोडगा काढल्याशिवाय कोणालाही बाहेर जाऊ देणार नाही, असे त्यांनी बजावले. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. बाहेरच्या देशांचा दबाव होताच. पण या स्त्रियांनी पुढाऱ्यांना स्वस्थ बसू दिले नाही. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सर्लीफ विजयी झाल्या. आफ्रिकेत निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष होत.

या कामात आपल्या देशाचाही वाटा आहे. जानेवारी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वतीने शंभराहून अधिक भारतीय महिला पोलीस मनरोव्हियात दाखल झाल्या. केवळ महिलांची अशी ती पहिलीच तुकडी होती. २०१६ पर्यंत आपल्या महिला पोलिसांनी तेथे गस्त घातली आणि मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिले. रक्षण करणारी स्त्रीच असू शकते, हे तेथील मुलींनी डोळ्यांनी पाहिले.

काही जण म्हणतात, "आधी बंदुका थांबू द्या, स्त्रियांचे प्रश्न मग पाहू." मला हे पटत नाही. तह लिहिताना स्त्रियाच नसतील, तर अत्याचार करणाऱ्यांना शिक्षा, निर्वासित मुलींची शाळा, विधवांचा जमिनीवरील हक्क या गोष्टी कागदावर कोण आणणार? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव क्रमांक १३२५ मंजूर करून शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग वाढवावा, असे सांगितले. तरी आजही अनेक ठिकाणी वाटाघाटींना पुरुषच बसलेले दिसतात.

मुलींनो, घरात किंवा वर्गात काही ठरत असेल, तर आपले मत स्पष्ट सांगा. मुलांनो, ते मधेच न तोडता ऐका. ज्यांना ही सवय लहानपणी लागते, तेच उद्या तहाच्या वेळी स्त्रियांसाठी खुर्ची मांडतील.