सिंहाच्या गावाला, हिशेबाने!

भटक्यामामाची पिशवी



या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मुलीचं पत्र आहे. ती लिहिते, "मामा, मला आफ्रिकेतले सिंह आणि हत्ती मोकळ्या रानात बघायचेत. आम्ही चौघं जाणार. आई, बाबा, मी आणि सात वर्षांचा भाऊ. पण बाबा म्हणतात, आफ्रिका म्हणजे श्रीमंतांचं काम. खरं का हो?"

अर्धं खरं. आफ्रिकेची सहल स्वस्त नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ती काटकसरीने करता येते. स्वस्त आणि काटकसरीची यात फरक आहे बरं का! काटकसर म्हणजे काय सोडायचं ते आधी ठरवणं. तेव्हा आज वही-पेन्सिल घेऊन बसा आणि आई-बाबांनाही शेजारी बसवा.

आधी एकच देश

आफ्रिका हा देश नाही, खंड आहे. त्यात पन्नासच्या वर देश आहेत. "केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका, सगळं एका फेरीत" असं म्हणालात की पैसे विमानात आणि दिवस विमानतळावर जातात. आपण फक्त केनिया घेऊ या. मुंबईहून राजधानी नैरोबीला थेट विमान जातं, सहा-साडेसहा तासांत. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतात.

"सफारी" हा शब्दही तिथल्या स्वाहिली भाषेतला. अर्थ "प्रवास". तो अरबीतून आला आणि आपला "सफर" हा शब्द त्याचाच भाऊ. स्वाहिलीत मोटारीला "गारी" म्हणतात, म्हणजे आपली गाडीच! सिंहाला म्हणतात "सिंबा", जिराफाला "ट्विगा" आणि गेंड्याला "किफारू". एवढे शब्द पाठ केलेत तर तिथला ड्रायव्हर तुमच्यावर खूश होणार, हे नक्की.

खर्च दोन जातींचा

विमानाचं तिकीट हा मोठा खर्च. ते लवकर काढायचं, एवढंच आपल्या हातात. उरलेल्या खर्चाच्या मात्र दोन जाती आहेत. त्या ओळखल्या की निम्मं काम झालं.

पहिली जात दर गाडीची. गाडी, ड्रायव्हर आणि इंधन यांचा खर्च आत दोघं बसले काय नि सहा बसले काय, तेवढाच. आपल्या ताडोबात जिप्सी सहा जणांत वाटून घेतात, तसंच हे. समजा, गाडीचे दिवसाला 200 डॉलर पडतात. तुम्ही चौघंच गेलात तर सगळे तुमच्या माथी. ओळखीचं आणखी एक छोटं कुटुंब सोबत घेतलंत आणि खर्च निम्मा-निम्मा केलात, तर दिवसाला 100 वाचले. पाच दिवसांत 500! तिथे वर उघडणाऱ्या टपाची व्हॅन मिळते. तिच्यात सहा-सात जण बसतात आणि उभं राहून प्राणी बघतात.

दुसरी जात दर डोईची, म्हणजे उद्यानाची प्रवेश फी. ती वाटून घेता येत नाही. प्रसिद्ध मसाई मारा अभयारण्याची फी 2024 पासून परदेशी प्रौढ पाहुण्यांना जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झाली. 9 ते 17 वर्षांच्या मुलांना 50 डॉलर. त्याहून लहान असतील त्यांना फुकट. पत्रातल्या छोट्या भावाची चैन आहे! दर बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी ताजा दर बघून घ्यायचा.

आता गणित करा. या कुटुंबाला माराचे दोन दिवस जूनमध्ये पडतील 400 अधिक 100, म्हणजे 500 डॉलर. तेच जुलैमध्ये 800 अधिक 100, म्हणजे 900. नुसता महिना बदलला आणि 400 डॉलर वाचले!

मग जुलैत गर्दी का?

जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियातल्या सेरेंगेटीतून विल्डेबीस्ट नावाच्या प्राण्यांचे लाखोंचे कळप मारात येतात आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. ते दृश्य जूनच्या सुरुवातीला सहसा दिसत नाही. गवतही तेव्हा उंच असतं आणि रस्त्यांवर चिखल असू शकतो, कारण मार्च ते मे तिथे पावसाळा असतो. हे आधीच माहीत हवं.

पण सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते, तरस, पाणघोडे आणि रानरेडे हे माराचे कायमचे रहिवासी. ते कुठे जात नाहीत. पत्रातल्या मुलीला बघायचेत सिंह आणि हत्ती. मग नदी ओलांडणारे कळप या खेपेला सोडून द्यावेत. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याच्या सुमारास उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. म्हणजे जूनचा पहिला आठवडा आपल्या सोयीचा!

सात दिवसांचा बेत

पहिला दिवस पोचण्याचा आणि झोप काढण्याचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे नैरोबी राष्ट्रीय उद्यान. 1946 साली झालेलं हे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान शहराला अगदी खेटून आहे. चरणाऱ्या जिराफामागे उंच इमारती दिसतात! इथे गेंडे चांगले दिसतात, सिंहही आहेत. रानटी हत्ती मात्र नाहीत, ते मारात. दुपारी नैवाशा सरोवराकडे निघायचं. अंतर जेमतेम 90 किलोमीटर.

तिसऱ्या दिवशी तिथलं हेल्स गेट उद्यान. इथे गाडी लागतच नाही. भाड्याची सायकल घ्या आणि झेब्रे, हरणं, जिराफ यांच्यामधून चालवा! रानरेड्यांपासून मात्र लांब राहायचं आणि मोठ्यांना सोडून पुढे जायचं नाही. पावसाची चिन्हं असतील तर तिथल्या घळीत मुळीच उतरू नका. 2019 मध्ये अचानक आलेल्या पुरात तिथे पर्यटकांचे जीव गेले आहेत.

चौथ्या दिवशी नारोक गावावरून मारा. रस्त्यात पाच-सहा तास जातात. इथे एक युक्ती आहे. माराचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं चालतं. दुपारी चार वाजता पोचून लगेच आत शिरलात, तर दोन तासांसाठी पूर्ण दिवसाची फी भरावी लागते. म्हणून त्या संध्याकाळी आत जायचंच नाही. सेकेनानी किंवा तालेक फाटकाबाहेर साधे तंबू मिळतात. तिथे उतरा आणि आकाशातले तारे मोजा.

पाचवा आणि सहावा दिवस पूर्ण मारात. सकाळी फाटक उघडताना हजर व्हायचं, दुपारचा डबा सोबत घ्यायचा आणि सहापर्यंत आत राहायचं. सातव्या दिवशी नैरोबीला परत आणि मग विमान.

रजा कमी असेल तर नैवाशा गाळा, पण माराचे दोन दिवस कमी करू नका. एवढ्या लांब जाऊन एकच दिवस ठेवला आणि नेमका त्याच दिवशी पाऊस लागला तर?

आई-बाबांसाठी

सहल कंपनीला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. प्रवेश फी धरली आहे का? प्रत्येकाला खिडकी मिळेल का? तंबू फाटकापासून किती किलोमीटर? गाडी दिवसभर फिरेल की ठरावीक तासच? कुणी माराच्या दोन दिवसांची "सगळं धरून" रक्कम 500 डॉलरच्या आत सांगितली, तर आपलं वरचं गणित आठवा. नुसती फीच तेवढी आहे! म्हणजे काहीतरी धरलेलं नाही.

केनियात शिरायची परवानगी 2024 पासून इंटरनेटवर आधीच काढावी लागते. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. केनियाहून परतताना भारतात तिचा दाखला मागतात आणि तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मारात मलेरिया आहे, म्हणून गोळ्यांचंही डॉक्टरांना विचारा. या दोन गोष्टींत काटकसर नको.

पिशवीत काय?

स्वेटर हवाच. आफ्रिका म्हणजे नुसतं ऊन असं वाटतं ना? नैरोबी जवळपास 1,700 मीटर उंचावर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर! मारातल्या पहाटेही गार असतात. चिवडा-लाडू न्या, पण डब्यांत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे आणि दंड जबर असतो. दुर्बीण एकीला दोन भावंडं चालतील, भांडायचं नाही.

जेवणाची काळजी नको. तिथे चपाती मिळते, चहाला "चाय" म्हणतात आणि "नडेंगू" म्हणजे मुगाची उसळच. एका स्वस्त पालेभाजीचं नाव आहे "सुकुमा विकी". अर्थ काय माहीत आहे? "आठवडा ढकला"! महिनाअखेरीला दिवस कसे ढकलायचे हे तिथल्या आयांनाही ठाऊक आहे.

एक वचन द्या

पैसे मोजले की वाटतं, आता सिंह दिसलाच पाहिजे. मग लोक ड्रायव्हरच्या मागे लागतात, "आणखी जवळ घ्या!" चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो. त्याच्याभोवती गाड्यांची गर्दी झाली की हरणं सावध होतात, शिकार हुकते आणि त्या दिवशी पिल्लं उपाशी राहतात. फी भरून आपण रान बघायची परवानगी घेतो, चित्त्याचं जेवण हिरावायची नव्हे. म्हणून "पोले पोले" हे शब्द शिकून जा. अर्थ "सावकाश, सावकाश". ड्रायव्हरकाकांना तेच सांगा.

आता पत्रातल्या मुलीला उत्तर. बाबांना ही वही दाखव. यंदा जमलं नाही, तर पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या जूनसाठी डबा ठेव आणि दर महिन्याला त्यात काय पडलं ते लिहीत जा. सिंह तिथेच आहेत. त्यांना घाई नाही.

जाता जाता एक कोडं. या कुटुंबाबरोबर आजी-आजोबाही निघाले. जूनमधल्या माराच्या दोन दिवसांची सगळ्यांची मिळून फी किती होईल? आणि तीच गाडी घेतली, तर तिचा दर डोई खर्च वाढेल की कमी होईल? सोडवून ठेवा, उत्तर पुढच्या अंकात!

तुमचा,
भटक्यामामा