पंधरा रुपयांचा उतारा आणि बहिणींची नावं

"मॅडम, उतारा एकदम कोरा आहे. फक्त तुमचा सर्च रिपोर्ट पाहिजे."

जमीन घेणारा माणूस बहुधा हे वाक्य घेऊनच माझ्याकडे येतो. टोकन देऊन झालेलं असतं, बँकेला फायलीला लावायला एक कागद हवा असतो, आणि वकीलबाईंनी सही-शिक्का करून मोकळं व्हावं अशी सगळ्यांची मनापासून इच्छा असते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दिवाणी वकिली करते. जुने कागद काढून जमिनीच्या मालकीचा माग घेणं हा तिचा मोठा भाग. कोरा म्हणजे कर्जाचा बोजा नसलेला, एवढंच खरं तर त्या माणसाला म्हणायचं असतं. पण बोलता बोलता कोरा म्हणजे निर्वेध, निर्वेध म्हणजे मालकी पक्की, इथपर्यंत त्याची मजल गेलेली असते.

सातबारा आज कोणाचं नाव आहे ते सांगतो. ते नाव तिथे कसं आलं, हे फेरफार सांगतो. तंटे बहुतेक या 'कसं'मधून निघतात, आणि लोक वाचतात फक्त उतारा. जमीन महसूल अधिनियम 1966चं कलम 157 म्हणतं की, हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. त्यातल्या 'उलट सिद्ध होईपर्यंत' या शब्दांकडे घेणाऱ्याचं लक्ष नसतं. फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, त्या नोंदी महसूल वसुलीसाठी असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगून झालं आहे.

तरी उतारा नीट वाचला तर पुढची वाट तोच दाखवतो. नमुना सातवर खातेदाराच्या नावाजवळ एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. खाली जुन्या फेरफारांची जंत्री असते. ती सगळी एका कागदावर उतरवून घ्यायची आणि तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागायची. (तलाठ्यांना 2024पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे. गावात अजून कोणी म्हणत नाही.)

माझ्या टेबलावर पुनःपुन्हा येणारं एक प्रकरण सांगते. तपशील चार-पाच प्रकरणांतून एकत्र केले आहेत, म्हणजे कोणाचं घर ओळखू यायला नको. महामार्गालगत चाळीस गुंठे. उताऱ्यावर एकटा विकणारा. इतर हक्काचा रकाना स्वच्छ. फेरफार काढले. बाप सत्तरच्या दशकात वारलेला, वारस नोंदीत विधवा, दोन मुलगे, तीन मुली. मुलग्यांची नावं कब्जेदार सदरी, मुलींची नावं इतर हक्कात. ही त्या काळातली सर्रास पद्धत. मुलगी वारस आहे हे मान्य, कारण 1956च्या हिंदू वारसा कायद्याने ती वर्ग एकची वारस झालीच होती; पण तिला बसवायचं उजव्या बाजूला, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा आणि सोसायटीचा बोजा यांच्या शेजारी. पुढे दोन-तीन वर्षांनी आणखी एक फेरफार: 'बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याची वर्दी दिली, जबाब घेतला, सबब नावे कमी केली.' खाली तीन अंगठे. नंतर भावाभावांचं वाटप, मग एका भावाचं खरेदीखत दुसऱ्याला, आणि आज एकटा मालक.

त्या अंगठ्यांपाशी मी थांबते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर लेखी हक्कसोडपत्र लागतं आणि ते नोंदवावं लागतं. नोंदणी अधिनियम 1908चं कलम 17 पाहा. तलाठ्यापुढचा जबाब म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. मग दुय्यम निबंधकांकडे शोध घ्यायचा की, त्या सुमारास असं पत्र नोंदलं होतं का. नव्हतं. म्हणजे तीन बहिणी, किंवा आता त्यांची मुलंबाळं, कायद्याने अजून त्या जमिनीत उभ्या आहेत. "पन्नास वर्षं वहिवाट आमचीच आहे," हे विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर. पण सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. बहिणीला उघडपणे बाहेर काढल्याचं दाखवल्याखेरीज नुसत्या वर्षांनी तिचा हक्क मरत नाही.

घेणाऱ्याला हे सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो, आणि विकणारा माझ्यावर चिडतो. "बहिणींनी कधी काही मागितलं नाही," म्हणतो. त्यांना कोणी कधी काही सांगितलं होतं का, हे मी विचारते. फेरफाराची नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेलेली असते, सासर खटाव-माणला असतं, आणि नोटिशीवर सही भावाची.

आता शोध स्वतः कसा घ्यायचा. खरेदीखतं, गहाणखतं, हक्कसोडपत्रं ज्या पहिल्या पुस्तकात उतरतात ते आणि त्याची सूची फी भरून कोणीही पाहू शकतो. नोंदणी अधिनियमाचं कलम 57 तसं म्हणतं. त्यासाठी वकील असावं लागत नाही, मालक असावं लागत नाही. मिळकतीवरून दस्त शोधायची ती सूची क्रमांक दोन, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. संगणक आल्यानंतरची वर्षं नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दिसतात. तिथे वर्ष एकेक करून टाकावं लागतं, आणि गट नंबर '120/1/अ' असा भरला तर '120/1अ' म्हणून चढवलेला दस्त निसटतो. म्हणून मी नुसता '120' टाकते आणि येईल तो ढीग उपसते. त्याआधीच्या वर्षांसाठी चलन भरून कार्यालयातल्या जाडजूड सूच्या उलटाव्या लागतात. काहींची पानं हात लावला की तुटतात.

इथे एक अडचण हमखास येते. 1947च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव योजना झाली आणि सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. योजनेआधीच्या सूचीत गट नंबर शोधला तर काहीच सापडत नाही, आणि काही सापडलं नाही म्हणून माणूस खूश होऊन घरी जातो. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडून गटाचा जुना सर्वे नंबर आधी काढा, मग मागे जा. मराठवाड्यात हीच वाट खासरा पत्रकातून जाते, विदर्भात 1954-55च्या अधिकार अभिलेखातून. स्वातंत्र्यापूर्वीचे कागद मोडीत निघाले तर मोडी वाचणारा गाठा. 2023 साली कुणबी नोंदींसाठी अभिलेख कक्षांतले जुने गठ्ठे सोडले गेले तेव्हा मोडी वाचकांना किती मागणी आहे ते सगळ्यांनी पाहिलं.

तीसच वर्षांचा शोध का, असं लोक विचारतात. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षांची, हे त्याचं एक मुख्य कारण. पण बहिणींचा तो फेरफार तीस वर्षांच्या पलीकडचा असतो. तीस वर्षांच्या शोधात तो दिसत नाही, आणि खाली 'मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य' असं छापील वाक्य टाकून अहवाल जातो. आमच्या व्यवसायातले असे अहवाल मी पाहते तेव्हा मला राग येतो, हे लिहून ठेवते.

शोधालाही मर्यादा आहेत. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेलं कर्ज पूर्वी सूचीत दिसतच नसे. 2013पासून त्याची सूचना दुय्यम निबंधकांकडे दाखल करावी लागते, त्याआधीचं धनकोला विचारूनच कळतं. मृत्युपत्र नोंदणं सक्तीचं नाही, आणि नोंदलेलं असलं तरी ते पुस्तक सर्वांना खुलं नाही. कुळ, वर्ग दोनची जमीन, नवीन शर्त हे सगळं उताऱ्यावर आणि फेरफारात पाहायचं, सूचीत नाही. आणि दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने मालकी तपासली, हा समज तर काढूनच टाका. तमिळनाडूच्या एका प्रकरणात 2025च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की, लिहून देणाऱ्याला मालकी आहे की नाही हे पाहणं नोंदणी अधिकाऱ्याचं काम नव्हे.

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. ही मोठी सोय आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पूर्वी एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात सकाळ घालवणारे म्हातारे मी पाहिले आहेत. तक्रार वेगळी आहे. उतारा इतका सोपा केला की लोक तिथेच थांबायला लागले. नोंदणी महानिरीक्षकांचं कार्यालय पुण्यात, जमाबंदी आयुक्तांचंही पुण्यात, दोघंही एकाच महसूल खात्याखाली. नवा दस्त नोंदला की त्याची माहिती ई-फेरफारातून तहसीलला आपोआप जाते, म्हणजे जोडणी जमते हे सिद्ध झालं आहे. मग मागची पन्नास-साठ वर्षं आम्ही पेन्सिलने का जोडत बसायचं? उताऱ्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकावर बोट ठेवलं की त्या जुन्या पानाची प्रतिमा उघडली पाहिजे, अंगठ्यांसकट. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन संकेतस्थळावर आलेही आहेत. ते उताऱ्याशी जोडायचं राहिलं आहे.

2025मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर निघाली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. कल्पना उत्तम, आणि बुलढाण्यात आधी करून पाहिलेली. माझी मागणी एवढीच की, अशा मोहिमेत वारस किती चढवले याच्या आकड्याबरोबर त्यात मुली किती होत्या हाही आकडा गावनिहाय जाहीर करावा. ज्या गावात वारस सगळे मुलगेच निघतील, त्या गावाचं दप्तर कोणीतरी वर बसून पुन्हा पाहावं.

कारण कायदा बहिणींच्या बाजूने केव्हाच आला. महाराष्ट्राने 1994 सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केलं, केंद्राने 2005मध्ये, आणि 2020च्या विनीता शर्मा निकालाने बाप तेव्हा हयात असण्याची अटही काढून टाकली. त्यात जुनी नोंदलेली वाटपं अबाधित राहतात, नुसत्या तोंडी वाटपाला मात्र सहजी मान मिळत नाही. दप्तर तेवढं मागे राहिलं आहे. "भावाशी वाईटपणा नको, ताई," असं माझ्याकडे येणाऱ्या बायका म्हणतात, आणि तो त्यांचा निर्णय आहे. हक्क सोडायचा तर जरूर सोडा. पण काय सोडतो आहोत ते बघून, वाचून, दुय्यम निबंधकांपुढे सही करून सोडा.

त्यासाठी लागतं फार थोडं. गावाचं नाव, गट नंबर, वडिलांचं आणि आजोबांचं नाव. आधी आठ-अ काढला तर त्या खात्यावर गावात किती गट आहेत ते कळतं. एकाच गटाचा सातबारा दाखवून बाकीचे झाकणारी घरंही असतात. गाव नमुना सहा-क ही वारसांची नोंदवही, तीही मागा. चुकीची नोंद नुसती लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो. नाव मुद्दाम वगळलं असेल तर बहुतेक वेळा वाटपाचा दावा लावावा लागतो आणि तो दिवाणी न्यायालयात. मे महिन्यात किंवा दिवाळीला माहेरी जाणं होतंच, तेव्हा एक दिवस तालुक्याला काढा. मात्र अभिलेख कक्ष शनिवार-रविवार बंद असतो, तेवढं धरून मुक्काम ठरवा.