श्रीलंकेची पहिली सफर: अम्मीच्या चालीने चला



चिपळूणहून एका बहिणीने लिहिले आहे की, घरातले चौघे डिसेंबरच्या सुट्टीत श्रीलंकेला निघाले आहेत. सगळ्यांचाच हा पहिला परदेश प्रवास. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांना दोन काळज्या: खायचे काय आणि नमाजचे कसे? बहिणीची काळजी तिसरीच आहे, दोन वर्षे साठवलेले पैसे वाया जाऊ नयेत.

आधी माझी चूक सांगते. आम्ही अम्मीला घेऊन गेलो तेव्हा सात दिवसांत सहा गावे ठरवली होती. नकाशावर बेट लहान दिसते. पण कोलंबो ते कँडी हे ११५ किलोमीटरचे अंतर रस्त्याने तीन-चार तास घेते, आणि पुढचे घाटरस्ते त्याहून सावकाश. घरी परतल्यावर शेजारणीने विचारले, "काय काय पाहिलंत?" अम्मी म्हणाली, "गाडीची खिडकी." ती हसत होती, पण मला ते लागले.

म्हणून बहिणी, सहा रात्रींसाठी तीनच मुक्काम ठेवा: कँडीला तीन रात्री, गॉलला दोन आणि शेवटची कोलंबोला. विमान रात्री उतरणार असेल तर थेट कँडीला निघू नका. विमानतळ कोलंबो शहरात नसून ३० किलोमीटरवर कटुनायके येथे आहे. जवळच्या नेगोंबोत झोपा, सकाळी निघा.

डिसेंबर निवडलात हे चांगले केलेत. डिसेंबर ते मार्च पश्चिम व दक्षिण किनारा कोरडा असतो. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मात्र तिथे पाऊस गाठतो. डोंगरातली रेल्वे सुंदर आहे, पण दरडी कोसळल्या की बंद पडते. आरक्षणाआधी गाडी चालू असल्याची खात्री करा.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने पुढे असावी. प्रवासाची ऑनलाइन परवानगी, म्हणजे ईटीए, निघण्यापूर्वीच घ्या. नियम आणि शुल्क बदलत असतात, ते श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावरच पाहा. आम्ही घाईत एका मध्यस्थाच्या संकेतस्थळावर अर्ज केला आणि जवळजवळ दुप्पट पैसे भरले.

एका भारतीय रुपयाला तीनहून अधिक श्रीलंकन रुपये मिळतात, त्यामुळे हजारांचे आकडे ऐकून घाबरू नका. पण भुलूही नका. रिक्षाचे भाडे मीटरने किंवा ॲपवर ठरवून घ्या. चालक मसाल्याच्या बागेत किंवा रत्नांच्या दुकानात नेतो म्हणाला, तर "नको" म्हणायला संकोच कसला? तिथल्या खरेदीवर बहुधा त्याचे कमिशन असते.

आता सासूबाईंच्या काळज्या. श्रीलंकेत शंभरात साधारण नऊ-दहा लोक मुसलमान आहेत. बहुतेकांच्या घरची भाषा तमिळ. मोठ्या गावांत 'मुस्लिम हॉटेल' अशी पाटी दिसते, आणि हॉटेल म्हणजे तिथेही खानावळ. इतरत्र हलाल प्रमाणपत्र पाहा किंवा सरळ विचारा. आपल्या शिरवाळ्यांची आठवण करून देणारे इडियाप्पम आणि नारळाच्या रसातले कालवण सासूबाईंना परके वाटणार नाही. वटलप्पन जरूर चाखा. गूळ, अंडी आणि नारळाच्या दुधाचा हा गोड पदार्थ तिथल्या घरांत ईदला होतो.

घड्याळ बदलायचे नाही, वेळ आपलीच आहे. पण मगरिब कोलंबोत साधारण सहा ते साडेसहाच्या दरम्यान होते, हे लक्षात ठेवून दिवस आखा. किब्ला मुंबईत पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे असतो, कोलंबोत सुमारे २५ अंश. खोलीत अंदाजाने मुसल्ला अंथरू नका. तिथले बहुतेक मुसलमान कोकणी घरांप्रमाणे शाफई आहेत. हनफी वाचकांना असरची अजान नेहमीपेक्षा लवकर ऐकू येईल. कसरचे मसले निघण्यापूर्वीच आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या. प्रत्येक मशिदीत स्त्रियांसाठी जागा नसते, तेव्हा आधी चौकशी करा. कोलंबोच्या पेट्टा बाजारातली लाल-पांढरी जामी उल-अल्फार मशीद मात्र बाहेरून तरी पाहाच. ती १९०९ मध्ये पूर्ण झाली. गॉलच्या किल्ल्यातही दीपगृहासमोर मशीद आहे आणि आसपास मुसलमानांची वस्ती आहे.

यजमान देशाचा मान राखा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अपमान समजतात. विहार पाहायला गेलात तर चपला आणि टोपी बाहेर ठेवावी लागते. ते पटत नसेल तर आत न जाता बाहेरूनच पाहा, वाद घालू नका. दर पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, सरकारी सुट्टी असते. बँकेची कामे आदल्या दिवशी उरका.

मलेरिया तिथून गेला आहे, पण डेंग्यू आहे. मच्छरांचे मलम आणि सासूबाईंची औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा.

इमामाने मागे उभ्या असलेल्या कमजोर माणसाचा विचार करून नमाज हलकी ठेवावी, अशी आपल्याला शिकवण आहे. प्रवासालाही तोच नियम लावा. दोन गावे कमी पाहून काही बिघडत नाही. परत आल्यावर सासूबाईंनी शेजारणीला खिडकीखेरीज काही सांगितले, तर तुमचे पैसे वसूल झाले असे समजा.

सफर मुबारक!