नाताळातली पन्नास डॉलरची लढाई
2013 च्या नोव्हेंबरात सोनीचा गेम कन्सोल प्लेस्टेशन 4 आला 399 डॉलरला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन मात्र 499 ला, कारण किनेक्ट कॅमेरा सोबत गळ्यात मारलेला. गिऱ्हाइकाने स्वस्ताची वाट धरली.

पुढच्या जूनमध्ये कॅमेऱ्याविना एक्सबॉक्स 399 वर आला आणि नाताळच्या तोंडावर थेट 349 वर. त्याच पैशांत ‘असॅसिन्स क्रीड’चे दोन गेमही. सोनीनेही ब्लॅक फ्रायडेला दोन गेम जोडले, पण किंमत सोडली नाही. अमेरिकेत नोव्हेंबर आणि डिसेंबर, दोन्ही महिने एक्सबॉक्सने मारले.

जानेवारीत एक्सबॉक्सची किंमत पुन्हा 399 झाली, पण दोन आठवड्यांतच कंपनीला 349 वर परतावं लागलं. तरी तो महिना सोनीचाच.

फुकट गेम म्हणजे काही दानधर्म नव्हे. यंत्राची छापील किंमत शाबूत राहते आणि खरी कमाई पुढे गेम, सदस्यत्वातून होते. सरळ सूट दिली, की गिऱ्हाईक जुनी किंमत पुन्हा मोजायला कां-कूं करतं.

प्लेस्टेशन 4 ची विक्री अखेर 11 कोटी 70 लाखांवर गेली. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या विक्रीचे आकडे जाहीर करणं 2015 मध्येच थांबवलं होतं.